आमच्या घरातला रणगाडा

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या आळीतली पोरे घमेली घेऊन लाल माती गोळा करायला निघतात. रत्नागिरीत त्या मातीला तोटा नाही. सड्यावर हात घालावा तिथे जांभा, आणि जांभा झिजला की माती. दोन दिवसांत खळ्याखळ्यांतून किल्ले उभे राहतात. त्यांच्यावर मोहरी पेरली जाते, आरशाच्या तुकड्याचे तळे होते, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे तटावर पहारा करू लागतात. एखाद्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी प्लॅस्टिकचा हिरवा रणगाडाही दिसतो. महाराजांच्या गडावर रणगाडा कसा, हा प्रश्न त्या वयात कुणाला पडत नाही. ज्याला पडतो, त्याचे बालपण संपले असे खुशाल समजावे.

आमचे चिरंजीव आता वीस वर्षांचे आहेत. किल्ला सोडून त्यांना सहासात वर्षे झाली. रणगाडा मात्र सुटलेला नाही. गेल्या गणपतीत आरत्या आटोपल्यावर मी पडवीत पान लावीत बसलो होतो. तेव्हा तो लॅपटॉप काखेत मारून आला आणि म्हणाला, "बाबा, मला एक गोष्ट हवी आहे."

मला वाटले, पैसे हवे असतील. पण त्याला खरोखरीची गोष्टच हवी होती.

माझ्याविषयी दोन शब्द सांगतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आजच्या भाषेत दहावी, आणि त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. चार कादंबऱ्या नावावर आहेत. त्या वाचनालयाच्या कपाटात आहेत हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण अधूनमधून मीच जाऊन पाहून येतो. अशा लेखकाकडे आजवर कुणी आपण होऊन गोष्ट मागितली नव्हती. पहिलेच गिऱ्हाईक घरातले निघाले!

त्याने पडदा उघडून दाखवला. वाळवंटासारख्या एका उजाड मुलखातून एक रणगाडा धुरळा उडवीत चालला होता. समोर शत्रूचे रणगाडे येत, हा ते फोडी, फुटलेल्यांतून काही भाग मिळत, आणि ते भाग बसवून आपला रणगाडा वरचढ करायचा. आधी लहान तोफ, मग मोठी. आधी पातळ चिलखत, मग जाड. इंजिन बदलायचे, पट्टे बदलायचे. आपला रणगाडा नष्ट झाला तर एक कळ दाबायची, तीन सेकंद थांबायचे, की पुन्हा तोच रणगाडा करकरीत नवा होऊन उभा.

"रणगाडा तयार आहे," तो म्हणाला, "पण तो कुठे चाललाय आणि कशासाठी, तेच मला सुचत नाही."

आता खरे सांगायचे तर त्या पडद्याकडे पाहून माझ्यातल्या शिक्षकाने कपाळाला आठ्या घातल्या, पण माझ्यातला पोर खुदकन हसला. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना आमचे चाकरमानी मामा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून टीव्हीला जोडायचा एक खेळ घेऊन आले होते. त्यातल्या रणगाड्याच्या खेळाने आम्हा भावंडांची ती सुट्टी खाल्ली. आंबे झाडावर पिकून पडले, पण आम्ही हललो नाही. तो खेळ जपानच्या नामको कंपनीने १९८५ साली काढलेला 'बॅटल सिटी', हे मला चिरंजीवांकडून आत्ता कळले. पस्तीस मैदाने, प्रत्येकात शत्रूचे वीस रणगाडे, आणि विटांच्या आड बसलेला आपला एक गरुड. त्याला गोळा लागला की सारे संपले. मधूनच एक चांदणी लुकलुके. पहिली चांदणी मिळाली की गोळा वेगाने जाई, दुसरीने एकामागून एक दोन गोळे सुटत, आणि तिसरी मिळाली की पोलादी भिंतही फुटे. रणगाडा वाढवीत नेण्याची सारी गोडी त्या तीन चांदण्यांत होती. स्वतःचे मैदान रचण्याची सोयही त्यात होती, आणि मी गरुडाभोवती विटा लावण्यात जितका रमलो तितका लढण्यात कधी रमलो नाही. पुढे मी चित्रकलेकडे वळलो, याचे मूळ कदाचित तिथेच असेल.

तेव्हा मुलाला रागे भरण्याचा अधिकार मी तीस वर्षांपूर्वीच गमावून बसलो होतो. तरी बापाने एकदा विचारायचे असते, म्हणून विचारले, "कॉलेजचे काय? या खेळाने पोट भरेल का?" त्याचे उत्तर तयार होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला, आपल्याकडच्या पुराणकथांतून उभा केलेला, आणि तो जगभर खेळला गेला. मी म्हणालो, "एक राजी झाली म्हणून सगळेच राजी होत नाहीत." तो हसला नाही. दोन विषय राहिले आहेत हे त्याने आईला सांगितले होते, मला नव्हते. ते मला माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हते. मध्यमवर्गीय घराचा कारभार असाच चालतो.

आम्ही कामाला लागलो. मी रणगाड्याची चित्रे काढू लागलो. शाळेत मुलांना लिओनार्दो दा विंचीचे जे चित्र मी नेहमी दाखवतो, ते आधी काढून पाहिले: सुमारे १४८७ सालचे, कासवाच्या पाठीसारख्या छपराचे, चौफेर तोफा असलेले युद्धशकट. त्या चित्रात दातेरी चाके अशी जोडली आहेत, की पुढची चाके एका दिशेला आणि मागची उलट दिशेला फिरतील. म्हणजे तो गाडा जागचा हलला नसता! खरा रणगाडा रणांगणावर हलायला १५ सप्टेंबर १९१६ उजाडला. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत इंग्रजांनी तो पहिल्याने आणला. गुपित फुटू नये म्हणून पाण्याची टाकी बांधतो आहोत असे सांगितले, आणि 'टँक' हे नाव त्याला कायमचे चिकटले. आपला 'रणगाडा' हा शब्द मला त्याहून आवडतो. त्यात रणही आहे आणि गाडाही आहे.

चिरंजीवांकडून मला दुसरे शास्त्र कळले. तोफ, चिलखत आणि वेग यांचे आपसांत पटत नाही. तोफ मोठी घ्या, वजन वाढते. चिलखत जाड करा, इंजिन धापा टाकते. हलके व्हा, तर पहिल्याच गोळ्याला गारद. खऱ्या रणगाड्यांचा इतिहास म्हणजे या तिघांच्या भांडणाचा इतिहास आहे. इंग्रजांचा सेंच्युरियन आधी १७ पौंडी तोफेचा होता, मग २० पौंडी झाला, शेवटी १०५ मिलिमीटरची तोफ त्याच्यावर चढली. आपल्या टी-५५ रणगाड्यांच्या मूळच्या १०० मिलिमीटरच्या तोफा काढून तिथेही १०५ च्या बसवल्या गेल्या. म्हणजे पोरांच्या खेळातली ती चांदणी कारखान्यांतूनही लुकलुकत असते. जपानमध्ये १९९१ साली निघालेल्या 'मेटल मॅक्स' या खेळाने हेच तत्त्व उचलले होते: इंजिन जेवढे पेलेल तेवढेच लादायचे, आणि कशासाठी काय सोडायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे.

"सगळेच मिळाले तर खेळ मरतो, बाबा," तो म्हणाला. वाक्य कादंबरीलाही लागू पडते. मी ते वहीत टिपून ठेवले.

हे सारे चालले असताना घरातला तिसरा पुरुष ओटीवरच्या आरामखुर्चीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरीत होता. आमचे आबा. वय सत्त्याहत्तर. गावात त्यांना मिरकरवाड्याचे मेकॅनिक म्हणून ओळखतात. मच्छीमारांच्या होड्यांची इंजिने त्यांनी पंचवीस वर्षे दुरुस्त केली. त्याआधी ते सैन्यात होते, ई.एम.ई.मध्ये, म्हणजे गाड्या, तोफा आणि रणगाडे दुरुस्त करणाऱ्या दलात. १९७१च्या युद्धात ते शकरगड भागात एका रणगाडा रेजिमेंटबरोबर होते, एवढे आम्हाला माहीत. त्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. एक पदक ट्रंकेत आहे. आई असताना दसऱ्याला ते पुसून ठेवी.

एका संध्याकाळी आबा चष्मा सावरीत लॅपटॉपसमोर येऊन बसले. बराच वेळ पाहून म्हणाले, "पट्टा सैल आहे रे तुझा. असा वळलास तर उतरेल."

चिरंजीव चमकला. आबांनी त्याला पट्टा किती ताणायचा, वाळूत काय होते, चिखलात काय होते, ते सांगितले. सेंच्युरियनचे इंजिन पेट्रोलवर चाले आणि विमानाच्या इंजिनाचे भावंड होते, हेही सांगितले. पोर भराभर लिहून घेत होता. मग आबांनी विचारले, "आत माणसं किती?"

"कशाच्या आत?"

"रणगाड्याच्या."

चिरंजीवाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या रणगाड्यात माणूसच नव्हता. तोफ होती, चिलखत होते, अठरा प्रकारची इंजिने होती. मी इतकी चित्रे काढली, पण झाकण उघडून आत डोकावण्याचे मलाही सुचले नव्हते. आणि मी म्हणे कादंबरीकार!

"चार असतात," आबा म्हणाले. "कमांडर, गनर, गोळा भरणारा आणि चालक. आणि कधीकधी खालीही एक असतो." मग त्यांनी राम राघोबा राणे यांची हकीकत सांगितली. राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल १९४८मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते, आणि वाटेत सुरुंग पेरलेले, झाडे पाडून रस्ते अडवलेले. वरून गोळीबार चालू असताना राणे रणगाड्याच्या खाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. दोन दोऱ्या चालकाच्या हाती दिलेल्या; एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. हयातीत परमवीरचक्र मिळालेला तो माणूस. आबा हे सांगताना सुपारी कातरायची विसरले होते.

नंतर पडद्यावरचा रणगाडा एका गोळ्याने उडाला. चिरंजीवाने कळ दाबली. एक, दोन, तीन, आणि नवा रणगाडा उभा.

आबा म्हणाले, "हे खरं आहे. परत येतो रणगाडा. आम्हीच आणायचो."

पुढचे त्यांनी आमच्याकडे न पाहता सांगितले. डिसेंबरची रात्र होती, बसंतर नदीच्या बाजूची, हाडे गोठवणारी. एक सेंच्युरियन ओढून मागे आणलेला. बुरुजाला बाजूने भोक पडलेले. इंजिन शाबूत, पट्टे शाबूत, तोफही चालणारी. सकाळपर्यंत तो परत हवा होता. आबा तेव्हा तेवीस वर्षांचे. ते आणि आणखी दोघे आत उतरले. आत जे पुसायचे होते ते त्यांनी बादल्यांच्या पाण्याने पुसले. एका कोनाड्यात पत्र्याचा मग सापडला, त्यावर खिळ्याने अर्धवट कोरलेले नाव. तो त्यांनी खिशात घातला. उजाडताना नवी चार माणसे आली. त्यांतला गनर मिसरूड फुटलेला पोरगा होता. त्याने चढण्यापूर्वी विचारले, "उस्ताद, गाडी कुणाची होती?"

"मी त्याला सांगितलं, नवी आहे," आबा म्हणाले. "तो हसला आणि चढला."

बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी मीच विचारले, "तो परत आला?"

"आला. १७ तारखेला युद्धबंदी झाली. चौघेही आले. पण मी खोटं बोललो, ते बोललोच की रे."

ते उठून आत गेले. त्या रात्री मी झोपलो नाही. वही काढून ते सगळे लिहून काढले: थंडी, बादल्या, मग, तो पोरगा. लिहिताना मला जाणवत होते, की चार कादंबऱ्यांत मला असे एक पान साधलेले नाही. सकाळी ती पाने मी मोठ्या उत्साहाने चिरंजीवापुढे ठेवली. "घे तुझी गोष्ट."

त्याने ती वाचली आणि परत माझ्या हातात दिली. "बाबा, ही आबांची आहे. त्यांना विचारलंत?"

वाचकहो, पंचवीस वर्षे मी लिहितो आहे. शेजाऱ्यांची भांडणे, मावशीचे मोडलेले लग्न, शाळेच्या शिपायाचे दुःख, सारे मी उचलून कादंबऱ्यांत घातले. कुणालाही विचारले नाही. अनुभव समाजाचा असतो, असे मी व्याख्यानांतून सांगतही आलो. आणि ज्याच्या दोन विषयांची मला काळजी होती, त्या पोराने मला माझ्याच विषयात नापास केले.

आम्ही दोघे आबांकडे गेलो. आबा मागच्या खळ्यात पोफळीच्या आळ्यात पाणी सोडीत होते. चिरंजीवाने सरळ विचारले, "आबा, गनरचा तो प्रश्न मी खेळात घालू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही घालणार."

आबांनी पाण्याचा पाट वळवला. मग म्हणाले, "प्रश्न घाल. माझं उत्तर घालू नको. जो खेळेल त्याला देऊ दे."

मी गप्प राहिलो. कादंबरीत ते उत्तर मीच दिले असते, आणि वाचकाने फक्त मान डोलावली असती किंवा हलवली असती. खेळात मात्र खेळणाऱ्याला स्वतः तोंड उघडावे लागते. आपल्याकडे फार पूर्वीपासून मोक्षपट खेळतात. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. त्यात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असतात, पण वर चढवायचे की गिळायचे ते कवड्या ठरवतात. इथे कवड्याही नाहीत.

दोन महिन्यांत त्या खेळाचे रूप पालटले. आता खेळणारा रणगाडा चालवीत नाही, तो दुरुस्त करतो. दिवसा लढाई होते, ती थोडकीच. मग रात्र येते, तिचे दहा तास. पट्टा बदलायला तीन तास, दुर्बीण बसवायला दोन, भोक बुजवायला चार, इंजिन पाहायला पाच. सगळे होत नाही. काय सोडायचे ते तुम्ही ठरवा. मोडक्या रणगाड्यांतून भाग काढायचे, हात शिकत गेले की तीन तासांचे काम दोन तासांत होते. रणगाडा आताही वाढत जातो, पण तो वाढतो दुरुस्त करणाऱ्याच्या हाताने. आत चार माणसे असतात, त्यांना नावे असतात, आणि गेलेला माणूस कळ दाबून परत येत नाही. पहाटे नवा गनर येतो आणि विचारतो, गाडी कुणाची होती? खाली दोन उत्तरे. खरे सांगितले तर त्याचा हात काही वेळ कापतो, नेम चुकतो. खोटे सांगितले तर तो धीटपणे लढतो. पण पुढे कधी त्याला तो मग सापडला, की तो दुरुस्त करणाऱ्याशी बोलेनासा होतो.

"असला खेळ कोण खेळणार?" मी विचारले.

"माहीत नाही," चिरंजीव म्हणाला. पुण्याच्या एका मित्राने त्याला स्पष्टच सांगितले होते, की लढाई वाढव, नाहीतर कुणी पाच मिनिटेही थांबणार नाही. त्याने लढाई वाढवली नाही. यातून पैसे मिळतील असे मला वाटत नाही, आणि ते दोन विषयही अजून राहिलेलेच आहेत. ऑक्टोबरच्या परीक्षेला बसला आहे, निकाल यायचा आहे. मी रागावलो नाही. खरे तर मला त्याचा हेवा वाटला. प्रकाशकाने 'थोडे प्रेम वाढवा' म्हटले, तेव्हा मी दोन प्रकरणे प्रेम वाढवून दिले होते.

माझ्या वर्गातल्या पाचसहा पोरांना मी एका शनिवारी घरी बोलावून तो खेळ खेळायला दिला. तिघे कंटाळून गडग्यावर जाऊन बसले. दोघे जिंकायची युक्ती शोधू लागले. एक मात्र, वर्गात ज्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, तो त्या प्रश्नापाशी अडला. किती वेळ तो तसाच बसून होता. शेवटी त्याने वळून विचारले, "सर, दोन्हीतलं एकही सांगितलं नाही तर चालेल?" चिरंजीवाने त्याच रात्री तिसरे उत्तर घातले. त्यात शब्द नाहीत. दुरुस्त करणारा गनरच्या हातात मग देतो, एवढेच.

मी आबांना ते दाखवले. त्यांनी पाहिले आणि काही न बोलता ट्रंक उघडली. पदकाच्या डबीखाली जुन्या टॉवेलात गुंडाळलेला तो मग होता. इतकी वर्षे आई डबी पुसून परत ठेवी, तेव्हा तिला तो दिसत असणार. तिनेही कधी विचारले नसेल. आबांनी तो चिरंजीवाच्या हातात दिला. "चित्र नीट काढायला लाव तुझ्या बापाला," म्हणाले. "कान वाकडा आहे याचा, तसाच दाखव."

मी ते चित्र काढले आहे. कान वाकडाच ठेवला आहे. कोरलेले नाव मात्र काढलेले नाही. ते विचारायचे कुणाला, ते आम्हा तिघांनाही कळेना.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले, तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडून झाले, बायकोने पाच तऱ्हेचे पोहे मांडले. बाहेर खळ्यात पोरांचा किल्ला पणत्यांनी उजळला होता, आणि मावळ्यांशेजारी तो हिरवा रणगाडा उभा होताच. आबा लॅपटॉपपाशी बसले होते. त्यांनी रात्रभराचे दहा तास वापरून पट्टा ताणला होता, इंजिन पाहिले होते. आता पहाट होऊन रणगाडा लढाईला पाठवायचा होता.

"पाठवा ना आबा," नातू म्हणाला.

"आज सण आहे," आबा म्हणाले. "राहू दे त्याला उभा. पोरं पोहे खाऊ देत."

चिरंजीवाने माझ्याकडे पाहिले. मला त्याच्या डोळ्यांत दिसले, की सुट्टीचा दिवस खेळात कसा बसवायचा याचा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला आहे.